नळीत फुंकून जंतू सापडत नाहीत

गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत फिरणारा दावा असा: ‘पोट फुगतं? केव्हाही नळीत फुंका, लहान आतड्यातले जंतू लगेच कळतात. टेस्ट पॉझिटिव्ह आली की अँटिबायोटिक घ्या, त्रास संपला.’

‘जंतू कळतात.’ या श्वासाच्या तपासणीत (ब्रेथ टेस्ट) यंत्र मोजतं ते हायड्रोजन आणि मिथेन. हे वायू जंतूंनी साखर आंबवल्यावर होतात, रक्तात उतरतात आणि श्वासावाटे बाहेर पडतात. पण साखर आंबली कुठे? मोठ्या आतड्यात तर प्रत्येकाच्याच जंतू असतात. तपासणीत १० ग्रॅम लॅक्ट्युलोज (न पचणारी साखर) किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि ठरावीक अंतरानं श्वासाचे नमुने घेतात. ९० मिनिटांत हायड्रोजन सुरुवातीपेक्षा २० पीपीएमनं (दहा लाख भागांत २० भाग) चढला की निकाल पॉझिटिव्ह. गोम इथेच आहे. लॅक्ट्युलोज हे पोट साफ होण्याचंही औषध. ज्याचं आतडं जलद चालतं, त्याच्या मोठ्या आतड्यात ते ९० मिनिटांआधीच पोचतं आणि धडधाकट माणूसही पॉझिटिव्ह ठरतो. ग्लुकोज वरच शोषलं जातं. त्यात ही चूक कमी, पण आतड्याच्या खालच्या भागातले जंतू निसटतात. म्हणजे निगेटिव्ह निकालही पक्का नाही.

‘केव्हाही करा.’ मुळीच नाही. आदल्या दिवशी तुरीचं वरण, झुणका, ज्वारीची भाकर, कांदा, दूध बंद. साधा पांढरा भात आणि अंडी चालतात. मग ८ ते १२ तास उपास. सकाळी दात घासून चूळ भरायची, कारण तोंडातले जंतूही साखर आंबवतात. विडी-खर्रा नको, पायपीट नको. मागच्या ४ आठवड्यांत अँटिबायोटिक घेतलेलं नसावं. मेडिकलवरून परस्पर आणलेल्या गोळ्याही यात आल्या, त्या जरूर सांगा. पहिल्याच नमुन्यात हायड्रोजन २० पीपीएमच्या वर असेल तर बहुधा पथ्य मोडलंय. तपासणी दुसऱ्या एखाद्या दिवशी करावी. मधुमेह असेल तर ७५ ग्रॅम ग्लुकोज आणि उपासातलं औषध, दोन्ही डॉक्टरांना आधी विचारून.

‘पॉझिटिव्ह म्हणजे अँटिबायोटिक.’ आमचा सर्वांत मोठा आक्षेप यालाच आहे. वजन उतरतंय, ताप येतो, शौचातून रक्त जातं किंवा रक्त कमी झालंय, तर आतड्याचा टीबी आणि कॅन्सर आधी तपासायला हवेत. नुसत्या कोर्सात महिने वाया जातात. अशी लक्षणं नसतील तर दोन आठवडे दूध बंद करून पाहावं, कारण दूध न पचल्यानंही पोट फुगतं; त्याला खर्च नाही. आतड्याचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा जुना मधुमेह असेल, तर मात्र या तपासणीला अर्थ आहे. निकाल घेऊन जाताना कोणती साखर दिली आणि वायू कितव्या मिनिटाला चढला, तो पूर्ण तक्ता मागून घ्या.