पाय पाण्यात असले म्हणून झाड वाचत नाही

सध्या एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हवामानबदलाची झळ माळावरच्या आणि डोंगरमाथ्यावरच्या झाडांना बसेल, नदीकाठच्या झाडांना कसली चिंता? त्यांची मुळं कायम पाण्यात. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर ते त्यांचं खतच. पूर वाढले तर गाळ आणि बी आणखी पसरेल. उपग्रहाच्या चित्रांत काठ आधीपेक्षा हिरवे दिसतात. आणि फारच तापलं तर झाडं उगमाकडच्या थंड भागात सरकतील.

पाचही मुद्दे पटकन पटतात, कारण प्रत्येकात थोडं तथ्य आहे. पण काठावरचं झाड रुजतं कसं आणि मरतं कशानं, हे जवळून पाहिलं की एकही टिकत नाही.

‘मुळं कायम पाण्यात असतात’

काठावरच्या मोठ्या झाडाची बहुतेक मुळं वाहत्या पाण्यात नसतात. ती काठाखालच्या वाळू-गाळात, भूजलाच्या पातळीच्या जरा वर दाटलेली असतात. पातळीच्या खाली हवा नाही आणि फार वर ओल नाही, म्हणून मधला पट्टा त्यांचा. नदी आटली की काठाखालची पातळीही उतरते, आणि जुन्या झाडाची मुळं तिच्या मागे तेवढ्या वेगानं जाऊ शकत नाहीत.

त्यात ही झाडं पाण्याची काटकसर करणारी नाहीत. पानांतून बाष्प निघतं तेव्हा खोडातल्या बारीक नलिकांमधलं पाणी वर ओढलं जातं. ओढ फार वाढली की पाण्याची सलग धार तुटते, नलिकेत हवा शिरते आणि ती नलिका निकामी होते. उत्तर अमेरिकेतल्या नद्यांकाठचा कॉटनवुड, म्हणजे पॉप्लरचाच एक प्रकार, ही ओढ उणे १.५ ते उणे २ मेगापास्कलच्या (दाबाचं एकक; उणे आकडा जितका मोठा, तितकी ओढ जास्त) आसपास गेली की हात टेकतो. कोरड्या रानातली झुडपं याच्या कित्येक पट ताण सोसतात. अमेरिकेच्या पश्चिमेत वाळूउपशामुळे काठाखालचं पाणी खचलं, तिथला अभ्यास या बाबतीत बोलका आहे. पातळी १ मीटर किंवा त्याहून जास्त उतरून तशीच राहिली, तिथले ८८ टक्के कॉटनवुड तीन वर्षांत मेले. अर्ध्या मीटरहून कमी उतरली, तिथे फारसा फरक पडला नाही. झाडाच्या लेखी जगणं आणि मरणं यांत एवढंसंच अंतर आहे.

हवा १ अंशानं तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. तेवढं बाष्प तिला दुसरीकडून मिळालं नाही, तर ती पानांतून ओढते. म्हणजे नदीची पातळी तीच राहिली तरी झाडाची तहान वाढते. पाणी जवळ असणं आणि ते पुरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘कार्बन डायऑक्साइड म्हणजे खत’

हा वायू वाढला की पानांवरची छिद्रं थोडी मिटतात आणि तेवढ्याच कर्बासाठी पाणी कमी खर्च होतं, हे बरोबर आहे. पण खताचा उपयोग दुसरं काही अडलेलं नसेल तेव्हाच होतो. पाणी उतरलेल्या काठावर ओल कमी पडते, आणि तुंबलेल्या काठावर मुळांना ऑक्सिजन मिळत नाही. दोन्ही ठिकाणी जादा कर्ब कामाचा नाही. शिवाय अशा हवेत वाढलेल्या पानांमध्ये कर्बाच्या मानानं नायट्रोजन कमी भरतो. ही पानं गळून ओढ्यात पडतात आणि त्यांवर जगणाऱ्या किड्यांना निकस चारा मिळतो.

‘पूर वाढले तर भलंच’

या मुद्द्यावर सर्वांत जास्त गल्लत होते, म्हणून इथे जरा थांबू.

नदीकाठच्या झाडांना पूर हवा असतो, यात शंका नाही. पुरात लव्हाळा वाचतो हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि वाळुंज (विलो) किंवा शेरणी या काठावरच्या झाडाझुडपांच्या लवचीक फांद्याही तशाच वाकून पूर काढतात. पण वाचणं वेगळं आणि नवी पिढी रुजणं वेगळं. रुजण्यासाठी पूर ठरावीक वेळी यावा लागतो आणि ठरावीक वेगानं ओसरावा लागतो.

कॉटनवुडचं बी घ्या. कापसासारख्या तुसाला चिकटलेला बारीक ठिपका, आत अन्नसाठा जवळपास नाहीच. झाडावरून सुटल्यावर ते जेमतेम एक-दोन आठवडे रुजण्याजोगं राहतं, आणि एकदा भिजलं की दोन-तीन दिवसांत जागा सापडली नाही तर संपलं. त्याला उघडा, ओला गाळ आणि थेट ऊन लागतं. अशी जागा ओसरत्या पुराच्या कडेला, उन्हाळ्याअखेरच्या पातळीपासून साधारण ६० ते २०० सेंटिमीटर उंचीवर मिळते. त्याखाली रुजलेलं रोप पुढच्या पुरात वाहून जातं, त्यावर रुजलेलं सुकतं.

मग मुळाची आणि पाण्याची शर्यत सुरू होते. गाळातली ओल दिवसाला साधारण २.५ सेंटिमीटरपर्यंत खाली गेली, तर कोवळं मूळ तिला गाठू शकतं. पाणी त्याहून झपाट्यानं उतरलं की दोन पानांचं रोप उभ्या उभ्या वाळतं.

हवामानबदल नेमका या वेळापत्रकावर घाला घालतो. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या, बर्फावर पोसणाऱ्या अनेक नद्यांचा वसंतातला पूर विसाव्या शतकाच्या मध्यापासून एक ते चार आठवडे अलीकडे सरकला आहे. उष्णतेमुळे झाडंही लवकर फुलतात, पण बी सुटणं आणि पूर ओसरणं हे एकाच मापानं सरकेल याची हमी नाही. पावसावर चालणाऱ्या नद्यांत दुसरी अडचण आहे: थोड्या तासांत कोसळणारा पाऊस नदी झटकन चढवतो आणि तितक्याच झटकन उतरवतो. एवढ्या अवधीत गाळाला पुरेशी ओल मुरत नाही, उलट आधीची रोपं गाळासकट खरवडली जातात.

पुराचं पाणी कोमट असेल तर आणखी एक भर पडते. १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरला साधारण ११.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम ७.५. आणि दर १० अंशांमागे मुळांचा श्वसनाचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. गरज वाढते, पुरवठा घटतो. म्हणून जे झाड थंडीत तीन आठवडे पाण्यात उभं राहतं, ते वाढीच्या मोसमात तेवढ्याच पुरानं खचू शकतं.

पुराची वेळ आणि ओसरण्याचा वेग साधला तर काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या ट्रकी नदीवर आहे. क्वी-वी नावाच्या दुर्मीळ माशाला अंडी घालता यावीत म्हणून तिथे धरणातून वसंतात पाणी सोडलं जात होतं. १९८७ मध्ये त्याच पाण्यावर काठाला कॉटनवुड आणि वाळुंजवर्गीय झुडपांची नवी पिढी उभी राहिली. झाडांसाठी कुणी काही केलं नव्हतं. फक्त पाणी योग्य वेळी आलं आणि हळूहळू उतरलं.

‘उपग्रहाला काठ हिरवे दिसतात’

दिसतात, पण उपग्रह हिरवेपणा मोजतो. ते पान कुणाचं आणि झाड किती वयाचं, हे त्या आकड्यात नसतं. पूर कमी झाल्यावर उघड्या पात्रात झुडपं घुसतात, तोही हिरवेपणाच. अमेरिकेच्या कोरड्या भागात कॉटनवुडची जागा टॅमरिस्क या बाहेरून आलेल्या झुडपानं घेतली. त्याचं बी कॉटनवुडसारखं थोडे आठवडे नव्हे तर जवळपास सगळा उन्हाळा सुटत राहतं, म्हणून पूर चुकला तरी त्याचं अडत नाही. बेशरम आणि वेडी बाभूळही वरून हिरवीच दिसतात.

खरी परिस्थिती जमिनीवर कळते. काठाला काटकोनात दोरी ताणा. पाण्याच्या कडेपासून दर मीटरला १ मीटर × १ मीटरची चौकट ठेवा आणि तिच्यातल्या देशी झाडांची रोपं तीन गटांत मोजा: ३० सेंटिमीटरच्या आतली, ३० सेंटिमीटर ते २ मीटर, आणि त्यावरची. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं प्रत्येक चौकटीची पाण्यापासूनची उंची लिहा. मोजणी कोरड्या मोसमाच्या शेवटी करा. पूर ओसरल्या ओसरल्या केली तर शेकडो रोपं दिसतात आणि आपण खूश होतो; त्यातली बहुतेक पुढच्या काही आठवड्यांत जातात. दुसरी चूक म्हणजे मुळांतून फुटलेले धुमारे रोपं म्हणून मोजणं. शंका आली तर बाजूची माती बोटानं १० सेंटिमीटर उकरा. खाली आडवं, जाड मूळ लागलं तर तो जुन्या झाडाचा धुमारा. मूळ सरळ खाली जात असेल तर ते बियांचं रोप.

वर दाट छत आणि मधला गट रिकामा, असं वर्षानुवर्षं निघत असेल तर तो काठ म्हातारा होतो आहे. जुनी झाडं अजून अनेक दशकं हिरवी राहतील, उपग्रहाला काही कळणार नाही.

‘झाडं वर सरकतील’

पाणी खाली वाहतं. पाण्यावाटे पसरणारं बी उगमाकडे जात नाही. ते काम वाऱ्यावर, पक्ष्यांवर आणि वटवाघळांवर सोडावं लागतं. वर पोचलं तरी तिथे पात्र अरुंद, उतार तीव्र, गाळ कमी आणि खडक जास्त. कोरड्या मोसमात तेच ओढे आधी आटतात. शिवाय गाव, बांध किंवा शेत आलं की काठाची पट्टी तुटते.

म्हणून काही ठिकाणी झाडं माणसालाच न्यावी लागतील. वाळुंज आणि पॉप्लरसाठी सुप्तावस्थेत, म्हणजे झाडाची वाढ थांबलेली असताना कापलेली, २ ते ३ सेंटिमीटर जाड, २ मीटरच्या पुढची काठी घ्या. आठवडाभर तिचं खालचं टोक पाण्यात बुडवून ठेवा. आधी सच्छिद्र पाइप पुरून सर्वांत कोरड्या महिन्यात पाणी किती खोल जातं ते मोजा, आणि काठीचं टोक त्या पातळीच्या १५ ते ३० सेंटिमीटर खाली जाईल एवढा खड्डा घ्या. डोळे वरच्या दिशेला राहू द्या. खड्डा पातळ चिखलानं भरा, कोरडी माती लोटली तर काठीभोवती पोकळी राहते आणि तिथलं मूळ सुकतं. हात-दीड हात खोल लावलेल्या काठ्या पहिल्या महिन्यात सुरेख फुटतात, कारण त्या स्वतःच्या साठ्यावर फुटतात. पाणी उतरलं की त्याच आधी माना टाकतात.