‘आधी रूट करा, मग बॅकअप घ्या’ हा मेसेज पुढं ढकलणाऱ्यांसाठी

फोन रूट करणं म्हणजे कंपनीनं बंद ठेवलेल्या त्याच्या सिस्टिमवर पूर्ण ताबा मिळवणं. तसं करा असं सांगणारा हा मेसेज बरेच दिवस फिरतोय आणि मी दुर्लक्ष करत होतो. आता तो माझ्या भाच्यापर्यंत पोचला. पोरगं लातूरला ट्यूशन एरियातल्या हॉस्टेलवर राहून नीटची तयारी करतंय. त्याचा फोन आला, "मामा, मोबाईल रूट करायलोय. एकदा रूट झालं की सगळ्याचा बॅकअप निघतो म्हणं." अकरावी-बारावीच्या नोट्सचे फोटो, शंका विचारलेल्या सरांच्या व्हॉइस नोट, सगळं त्याच फोनात. थांब म्हणालो. तो थांबला. पण त्या ग्रुपवर त्याच्यासारखी शेकडो पोरं आहेत आणि प्रत्येकाला काही मामा मोबाईल दुरुस्तीवाला नसतो.

ज्यांनी मेसेज पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. त्यात म्हटलंय की फोन रूट करा, रूट केल्यावर काहीच जात नाही, उलट सगळ्याचा बॅकअप घेता येतो. टायटॅनियम बॅकअप हे सगळ्यात भारी ॲप, त्याची ‘प्रो’ फाइल खाली फुकट दिलीय. रिकव्हरीतून (फोन चालू होण्याआधी उघडणाऱ्या दुरुस्तीच्या मेनूतून) पूर्ण बॅकअप मारला की फोटोसकट अख्खा फोन जपला जातो. तो बॅकअप कुठल्याही फोनवर टाका, बँक, यूपीआय, ओटीपीची ॲप जशीच्या तशी उघडतात. ॲपच नको असेल तर डेटा फोल्डर कॉपी केलं तरी चालतं. गूगलचा बॅकअप फसवा आहे, बंद करा. बॅकअप फोनमध्येच ठेवा, क्लाउडवर चोरी होते. आणि शेवटी अर्थातच, दहा जणांना पाठवा.

पहिली ओळ सगळ्यात घातक आहे, म्हणून तिच्यावरच जास्त लिहितो.

आज रूट म्हणजे बहुतेक वेळा मॅजिस्क नावाचं ॲप. मॅजिस्क फोन सुरू करणाऱ्या फाइलीत, म्हणजे बूट इमेजमध्ये, बदल करतं. ती बदललेली इमेज फोनने चालवून घ्यावी म्हणून आधी बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना कुठलं सॉफ्टवेअर चालवायचं ते ठरवणारा भाग, अनलॉक करावा लागतो, आणि बूटलोडर अनलॉक केला की फोन फॅक्टरी रिसेट होतो. फोटो, मेसेज, ॲप, डाउनलोड, सगळं पुसलं जातं. माझं ऐकू नका, अँड्रॉइड बनवणाऱ्यांचं ऐका. फोन कंपन्यांसाठी अँड्रॉइडची जी अधिकृत कागदपत्रं नेटवर उघडी आहेत, त्यात बूटलोडरच्या पानावर सरळ लिहिलंय: अनलॉकचा आदेश आला की फोनने आधी इशारा दाखवावा आणि वापरणाऱ्याने होकार दिल्यावर डेटा फॅक्टरी रिसेट करावा, म्हणजे परक्याच्या हाती माहिती लागणार नाही. कारण साधं आहे. एसटी स्टँडवर तुमचा फोन मारणाऱ्याला बूटलोडर उघडून आतले फोटो बघता येऊ नयेत. तो इशारा स्क्रीनवर येतो, पण इंग्रजीत, बारीक अक्षरात, आणि व्हॉल्यूमचं बटण दाबून पुढं जायची घाई असलेल्या पोराला तो कोण वाचून दाखवणार?

म्हणजे मेसेजमधला क्रम बघा. बॅकअप घेण्यासाठी रूट करायचं, आणि रूट करताना ज्याचा बॅकअप घ्यायचा तेच जातं. मग उरलेल्या रिकाम्या फोनचा बॅकअप अगदी छान निघतो, त्यात शंका नाही.

गेलेला डेटा रिकव्हरीवाल्याकडं नेऊन परत मिळतो, असं दुकानात येणारे बरेच जण धरून चालतात. जुन्या मेमरी कार्डाच्या बाबतीत कधी कधी मिळायचा. अँड्रॉइड 10 पासून नव्या फोनमध्ये आतला साठा एन्क्रिप्ट करणं, म्हणजे चावीशिवाय वाचता येणार नाही असा ठेवणं, सक्तीचं आहे. रिसेटमध्ये त्याच्या चाव्याच नष्ट होतात. मागं जे काही राहतं त्याचा अर्थ कुणालाच लावता येत नाही, मलाही नाही आणि पुण्याच्या मोठ्या लॅबलाही नाही. "पैसे लागले तरी चालतील" म्हणणाऱ्या बापाला हे सांगणं हा माझ्या धंद्यातला सगळ्यात वाईट भाग आहे.

आता अर्धं सत्य, नाइलाजानं का होईना, मान्य करतो. 2014 साली टॉवेलरूट नावाचं ॲप आलं होतं. अँड्रॉइडच्या गाभ्यातल्या (लिनक्स कर्नलमधल्या) एका चुकीचा फायदा घेऊन ते बूटलोडरला हात न लावता रूट द्यायचं, आणि खरंच काही जायचं नाही. मेसेज लिहिणाऱ्याची माहिती तिथंच अडकलेली दिसते. ती फट केव्हाच बुजवली गेली. आजही एका दाबात रूट देतो म्हणणारी जी ॲप फिरतात, ती रूट देवोत न देवोत, जाहिराती मात्र नक्की देतात.

हेही कुणी सांगत नाही की प्रत्येक फोन अनलॉक होतच नाही. विवोचे फोन साधारणपणे अधिकृत मार्गानं उघडत नाहीत. शाओमीवाले अर्ज करायला लावून ताटकळत ठेवतात. सॅमसंगमध्ये परक्या सॉफ्टवेअरची इमेज चढली की नॉक्सचा, म्हणजे सॅमसंगच्या सुरक्षा व्यवस्थेचा, फ्यूज कायमचा उडतो. नंतर कंपनीचं सॉफ्टवेअर परत मारलं तरी सिक्योर फोल्डर उघडत नाही. रूटचा ज्याला खरंच नाद आहे त्यानं फोन घेतल्या घेतल्या, त्यात काही साठायच्या आत अनलॉक करावा. ज्याच्या फोनात आधीच सगळं आहे त्यानं फोटो केबलनं संगणकावर घ्यावेत, व्हॉट्सॲपचा त्याच्याच सेटिंगमधून बॅकअप घ्यावा, एसएमएससाठी साधं बिनरूटचं ॲप वापरावं, आणि मग रूटचा विचार करावा. नोट्स जपायला रूट लागतच नाही, हे भाच्याला पटायला बराच वेळ लागला, कारण त्याला नोट्सपेक्षा रूटच जास्त हवं होतं.

पुढचा मुद्दा रिकव्हरीचा. टीडब्ल्यूआरपी या बाहेरून टाकलेल्या रिकव्हरीमधून नॅनड्रॉइड (म्हणजे पूर्ण फोनचा) बॅकअप घेतला की फोटोसकट अख्खा फोन येतो म्हणे. येत नाही. टीडब्ल्यूआरपीच्याच साइटवर प्रश्नोत्तरांत लिहिलंय की डेटा पार्टिशनचा (फोनच्या साठ्यातल्या डेटाच्या कप्प्याचा) बॅकअप घेताना ‘डेटा मीडिया’ फोल्डर वगळलं जातं. फोनची अंतर्गत मेमरी म्हणून आपण जे बघतो, कॅमेऱ्याचे फोटो, डाउनलोड, व्हॉट्सॲप, ते सगळं त्याच फोल्डरात असतं. वर हा बॅकअप आपसूक त्याच मेमरीत साठवला जातो. मग कुणीतरी ‘फॉरमॅट डेटा’ निवडतो, ‘येस’ टाइप करतो, आणि फोटो व बॅकअप दोन्ही एकदमच जातात. मेसेजचा शेवटचा सल्ला, बॅकअप फोनमध्येच ठेवा, त्याचं उत्तरही यातच आलं. शिवाय अलीकडच्या कित्येक फोनवर टीडब्ल्यूआरपीला एन्क्रिप्शन उघडताच येत नाही, फोल्डरांची नावं नुसती अगम्य अक्षरं दिसतात. एक मात्र खरं: ज्यांचा फोन रूट आहे त्यांनी ईएफएस पार्टिशनची (आयएमईआय जपणाऱ्या कप्प्याची) प्रत काढून संगणकावर ठेवावी. कस्टम रॉमच्या, म्हणजे कंपनीऐवजी दुसऱ्यांनी बनवलेलं अँड्रॉइड टाकायच्या, खटाटोपात फोनचा आयएमईआय नंबर उडाला की ती प्रतच कामी येते.

कुठल्याही फोनवर बँकेची ॲप जशीच्या तशी उघडतात, हे वाचून मला हसू आलं. अँड्रॉइडमध्ये कीस्टोअर नावाची व्यवस्था आहे. ॲप आपली गुप्त चावी त्यात ठेवतं आणि ती चावी प्रोसेसरच्या सुरक्षित भागातून बाहेर येत नाही, रूट असलं तरी. तुम्ही ॲपचा डेटा उचलून नव्या फोनवर नेला तर तिजोरी गाडीत घालून आणली आणि किल्ली जुन्या वाड्याच्या भिंतीत चिणलेली राहिली, असं होतं. सिग्नल हे मेसेजचं ॲप याचं नेहमीचं उदाहरण. त्याचा डेटाबेस उचलून चालत नाही, त्याच्या स्वतःच्या बॅकअपमधूनच, त्या बॅकअपच्या किल्लीसह आणावा लागतो. ओटीपी बनवणाऱ्या ॲपचंही तसंच. एजिससारखं ॲप घ्या, जे स्वतः पासवर्डबंद फाइल काढून देतं, आणि ती फाइल फोनाबाहेर ठेवा. यूपीआयचा तर बॅकअप घ्यायचं कारणच नाही. पैसे बँकेत असतात. नव्या फोनवर ॲप टाकलं की ते तुमच्या सिमवरून एसएमएस पाठवून नंबर जोडून घेतं. उलट रूट केलेल्या फोनवर बँकेची कितीतरी ॲप उघडायलाच तयार नसतात, ते मेसेजमध्ये कुठंच नाही.

डेटा फोल्डर नुसतं कॉपी करायचं? करून बघा. अँड्रॉइड प्रत्येक ॲपला वेगळा यूजर क्रमांक देतं, आणि ॲप पुन्हा टाकलं की तो बदलू शकतो. जुन्या मालकीच्या फाइली नव्या क्रमांकाला वाचता येत नाहीत, ॲप उघडतं आणि लगेच बंद पडतं. मालकी आणि एसईलिनक्स या सुरक्षा व्यवस्थेची खूण नीट लावणं हेच तर बॅकअप ॲपचं काम.

गूगलच्या बॅकअपबद्दल मेसेज पूर्ण खोटा नाही. प्रत्येक ॲपला तिथं 25 एमबीचीच मर्यादा आहे, आणि ॲप बनवणाऱ्यानं नको म्हटलं तर तेवढंही जात नाही. त्यामुळं परत मिळवताना अर्धी ॲप नुसतीच रिकामी येतात. रूटवाल्या साधनांची खरी गरज इथंच आहे. पण म्हणून तो बंद करा? संपर्क, कॉलची यादी, एसएमएस फुकटात सांभाळले जातायत ते कशाला घालवायचे?

राहिलं टायटॅनियम. एके काळी राजाच होता तो, मीही किती फोनवर टाकला असेल. पण 2019 नंतर त्यात नवं काही आलेलं नाही. तोवर ॲपची घडण बदलली. ऑगस्ट 2021 पासून प्ले स्टोअरवर येणाऱ्या नव्या ॲपना ॲप बंडल सक्तीचं आहे, म्हणजे एक ॲप फोनवर तीन-चार तुकड्यांत बसतं. टायटॅनियमला तुकड्यांचं ॲप कळत नाही, तो मुख्य तुकडाच उचलतो. बॅकअप घेताना हिरवी खूण दिसते, परत टाकताना ॲप कोसळतं. तोवर जुना फोन पुसलेला असतो.

आज फोन आधीच रूट असेल तर मी निओ बॅकअप सुचवतो. उघड्या सोर्सचं आहे (कोड कुणालाही वाचता येतो), एफ-ड्रॉइड या फुकट ॲपच्या दुकानात मिळतं, पासवर्ड लावून एन्क्रिप्ट करतं, वेळापत्रकावर आपोआप चालतं. दिसायला थोडं रुक्ष आहे, आणि पासवर्ड विसरलात तर मी काही करू शकत नाही. सगळं गूगल ड्राइव्हवर आपोआप जावं, बटणं कमी असावीत असं वाटत असेल तर स्विफ्ट बॅकअप, पण त्याचा सोर्स बंद आहे आणि क्लाउडला पैसे पडतात. लिनिएज ओएस ही कस्टम रॉम वापरणाऱ्यांकडं सीडव्हॉल्ट हे बॅकअप ॲप आधीच असतं, त्याला रूटही लागत नाही, फक्त बॅकअपची किल्ली असलेले 12 शब्द कागदावर लिहून ठेवावे लागतात. यातलं काहीही निवडा, पण निवडल्यावर एखादं बिनमहत्त्वाचं ॲप काढून टाका आणि बॅकअपमधून परत आणून बघा. ते नीट उघडलं तर बाकीच्यांवर भरवसा ठेवा. आणि सिस्टिम ॲपचा डेटा एका रॉमवरून दुसऱ्या रॉमवर ओढू नका. लोगोवर अडकलेले जे फोन माझ्याकडं येतात, त्यातल्या बऱ्याच जणांनी हेच केलेलं असतं.

आता ती फुकटची ‘प्रो’ फाइल. साधं ॲप आपल्या खोलीबाहेर डोकावू शकत नाही. बॅकअप ॲपला मात्र आपण स्वतः रूटची परवानगी देतो, नाहीतर ते काम कसं करणार? म्हणजे टेलिग्रामवरून कुणी अनोळख्यानं फोडून पुन्हा बांधलेल्या फाइलीला तुम्ही तुमचे मेसेज, ओटीपी, प्रत्येक ॲपचा डेटा वाचायची मुभा देताय, तीही ‘कायम’वर टिक करून. चोराला यापेक्षा सोयीचं दुसरं काय हवं! मूळ ॲपची परवाना किल्ली विकत मिळायची, ती फुकट वाटणारा तुमच्यावर उपकार करायला बसलेला नाही.

टाकून झाली असेल तर आधी मॅजिस्कमध्ये जाऊन तिची सुपरयूजर (रूटची) परवानगी काढा आणि नेट बंद करा. फोटो आणि कागदपत्रं संगणकावर घ्या, एपीके (ॲप टाकायच्या) फाइली घेऊ नका. मग कंपनीचं पूर्ण सॉफ्टवेअर नव्यानं मारा. नुसतं ॲप काढून भागत नाही, कारण रूट मिळालेल्या ॲपनं सिस्टिममध्ये काय ठेवलंय ते बाहेरून दिसत नाही. गूगल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, या फोनवरून नको. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून अनोळखी काही दिसलं तर काढून टाका. आणि खात्यातून पैसे गेलेच असतील तर माझ्या दुकानात यायच्या आधी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावा.