रोझेटा आणि ते साठ तास

तुमची कमेंट दोनदा वाचली. म्हणणं थोडक्यात असं की युरोपीय अंतराळ संस्थेच्या रोझेटा यानाबरोबर दहा वर्षं प्रवास करून फिले लँडर (म्हणजे यानातून खाली उतरणारं छोटं यंत्र) धूमकेतूवर आपटला, साठ तासांत बंद पडला, शेवटी रोझेटा यानही तिथेच आदळवलं, मग एवढ्या प्लॅनिंगचा उपयोग काय. मला हे अजिबात पटलं नाही.

आधी ते साठ तास. लँडरवर दोन बॅटऱ्या होत्या, एक उन्हावर चार्ज होणारी आणि दुसरी इथूनच भरून नेलेली, संपली की संपली. ही दुसरी कशाला? तर उतरल्यावर ऊन मिळेल का, जमीन भुसभुशीत असेल का दगडासारखी, हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून महत्त्वाचे प्रयोग तिच्याच जोरावर उरकून घ्यायचे हे आधीपासून ठरलेलं. १२ नोव्हेंबर २०१४ ला हार्पून (लँडरला जमिनीत रोवून धरणारे भाले) सुटलेच नाहीत, लँडर टप्पे खात जाऊन एका कड्याच्या सावलीत अडकला, आणि तरी पहिल्या टप्प्यातलं साधारण ८० टक्के काम झालं. अहो, बॅटरी ठरली होती तेवढी चालली की! याला फसणं कसं म्हणायचं?

आणि मुळात हा धूमकेतू युरोपीय संस्थेने निवडलेलाच नव्हता. जायचं होतं विर्टानेन नावाच्या दुसऱ्या धूमकेतूला, जानेवारी २००३ मध्ये. डिसेंबर २००२ ला रोझेटाला नेणाऱ्या एरियन-५ रॉकेटचं नवं मॉडेल कोसळलं, रोझेटाचं उड्डाण थांबलं आणि विर्टानेन हातचा गेला. यान तयार होऊन उभं, आणि जायचं कुठे ते माहीत नाही! मग ६७पी हा धूमकेतू मिळाला, तो मोठा, म्हणजे गुरुत्व जास्त, म्हणजे लँडर जास्त जोरात टेकणार, म्हणून त्याच्या पायांचा जोड मजबूत केला. नवा मार्ग निघाला तो मंगळाला अगदी घासून, २५० किलोमीटरवरून, फेब्रुवारी २००७ मध्ये. तिथे पंचवीसेक मिनिटं सौर पॅनल मंगळाच्या सावलीत, सगळं यान नुसत्या बॅटरीवर, ज्याचा विचार डिझाइन करताना झालाच नव्हता. तेही निभावलं. मी प्लॅनिंग म्हणतो ते याला.

राहिलं शेवटचं आदळणं. २०१६ मध्ये यान धूमकेतूबरोबर सूर्यापासून लांब चाललं होतं, वीज पुरेना, झोपवलं तर पुन्हा उठेल याचा भरवसा नाही. म्हणून ३० सप्टेंबरला माणूस चालतो तेवढ्या वेगाने हळूच खाली नेलं, आणि टेकायच्या जरा आधीपर्यंत ते फोटो पाठवत होतं.