मीटरपेक्षा आधी पत्रा बघा

जुनी गाडी घेण्यावरच्या एका लेखात म्हटलंय की गोव्यातली जुनी गाडी कमी चालली असेल तर डोळे मिटून घ्यावी. हे पटत नाही. किनाऱ्यावरच्या कांदोळी-बाणावलीच्या बाजूला उघड्यावर उभी राहिलेली ३०,००० किलोमीटरची गाडी समुद्रापासून आत असलेल्या फोंड्याकडच्या ८०,०००वालीपेक्षा वाईट निघू शकते. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्रा खालून खातो, वरचा रंग मात्र चकचकीत राहतो.

गाडी लिफ्टवर घ्यायला लावाच. दाराखालची पट्टी आणि जॅक लावायची जागा अंगठ्याने दाबा. करकर आवाज आला किंवा पापुद्रे सुटले, तर आतून सडलंय. डिकीतली स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा. ब्रेकचे लोखंडी पाइप खवले धरलेले असतील तर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. नुकतंच काळं अंडरकोटिंग (खालच्या पत्र्यावरचा जाड लेप) मारलेलं दिसलं तर गंज झाकलाय की काय, असा मला तरी आधी संशय येतो.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, चिखलाची रेघ टोकाला सापडते. काळ्या पाटीवर पिवळे आकडे, म्हणजे रेंट-अ-कॅब, गिऱ्हाईकाला स्वतः चालवायला भाड्याने दिलेली गाडी. पाटी बदललेली असू शकते, म्हणून आरसीवरचा वाहनप्रकार आणि आधीची नोंद तपासा. अशा गाडीचा क्लच चालवून बघितल्याशिवाय भावाचं बोलूच नका.