पोट मोठं म्हणजे सिझेरियनच?
‘पोट महिन्यांच्या मानाने मोठं दिसतंय तर सिझेरियनची तयारी ठेवा’ हे गरोदरपणावरच्या एका लेखातलं सरसकट वाक्य खटकलं. टेपने मोजताना पोटाचं माप जास्त आलं तर गर्भजल जास्त असू शकतं, तारीखही चुकलेली असू शकते. सोनोग्राफीतलं बाळाचं वजनसुद्धा अंदाजच, दहा-पंधरा टक्के सहज इकडेतिकडे होतं. माझ्या वहिनीला ४ किलो सांगितलं होतं, बाळ झालं ३.४ किलोचं, नॉर्मल. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना आईला मधुमेह नसेल तर बाळाच्या अंदाजे ५ किलो वजनापासून आणि असेल तर साडेचार किलोपासून सिझेरियनचा विचार करा म्हणते. (आपल्या लहान चणीच्या बायकांना तो आकडा जसाच्या तसा लावू नये, हे मान्य.) साखर मात्र तपासाच. मधुमेह असेल तर बाळाचे खांदे रुंद होतात, डोकं बाहेर येऊन खांदा अडकायची भीती खरी असते. रात्री असं झालं तर दवाखान्यात कोण असेल, हे डॉक्टरांना आधीच विचारा.