‘लीव्ह हर टू हेवन’ भडक आहे, पण कुठे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘लीव्ह हर टू हेवन’वरच्या माझ्या लेखाला दिलेल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. ती वरवर वाचून सोडून देण्यासारखी नाही, म्हणून उत्तरही जरा लांबलं आहे. पुढे चित्रपटाचा शेवट उघड होतो, ज्यांनी तो पाहिला नाही त्यांनी आधी पाहून यावं.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: १९४५ सालच्या या चित्रपटाचे रंग अंगावर येतात. नायिका जीन टिअर्नी दगडी चेहऱ्याने वावरते. याला नॉयर, म्हणजे गुन्ह्याचा काळोखा चित्रपट, म्हणायचं तर त्यात काळोख कुठे आहे? शेवटचा खटला आपल्या संध्याकाळच्या मालिकांना शोभेल असा आहे. आणि मूळ लेखात वापरलेला ‘कॅम्प’ (अतिरेकातूनच मजा देणारी शैली) हा शब्द म्हणजे फसलेल्या सिनेमाला दिलेली पळवाट आहे.

खटल्याबद्दल तुमचं बरंचसं पटतं. बाकीचं नाही.

रंगांपासून सुरुवात करतो, कारण तुम्ही मोबाइलवर ‘कुठूनतरी मिळालेली’ प्रत पाहिली असं लिहिलं आहे, आणि या चित्रपटाच्या बाबतीत प्रत कोणती हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. हा तीन पट्ट्यांच्या टेक्निकलरचा चित्रपट. त्या कॅमेऱ्यात भिंगामागे एक प्रिझम असे, तो आत आलेला प्रकाश दोन वाटांनी विभागे. एका वाटेवर हिरव्या रंगाची नोंद घेणारी फिल्म, दुसऱ्या वाटेवर एकमेकींना चिकटून धावणाऱ्या दोन फिल्म: एक निळ्यासाठी, एक लालसाठी. या तिन्ही निगेटिव्ह कृष्णधवल असत. रंग पुढे छपाईत येई. प्रत्येक नोंदीपासून जिलेटिनचा उठाव असलेली एक फिल्म बनवायची, ती रंगद्रव्यात बुडवायची आणि कोऱ्या फिल्मवर दाबायची. निळसर-हिरवा, किरमिजी आणि पिवळा असे तीन रंग एकावर एक बसले की चित्र पुरं होई. निगेटिव्हमध्ये रंगद्रव्य नाहीच, फक्त चांदीची प्रतिमा. त्यामुळे ती जपली तर त्या रंगांना विटण्याचं भय नाही.

हा चित्रपट काढणाऱ्या फॉक्स कंपनीने नेमकी तीच जपली नाही. १९७०च्या दशकात नायट्रेट फिल्मचा (जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या फिल्मचा) साठा कमी करताना त्यांनी अनेक टेक्निकलर चित्रपट एका साध्या रंगीत निगेटिव्हवर उतरवून घेतले आणि मूळ तीन पट्ट्या टाकून दिल्या. ज्या फिल्मवर ते उतरवले तिचे रंग टिकाऊ नव्हते. शिवाय तिन्ही पट्ट्या वर्षानुवर्षांत कमीजास्त आक्रसलेल्या असल्या, तर एकमेकींवर त्या तंतोतंत बसत नाहीत, आणि माणसांच्या कडेला लाल किंवा हिरवट रेघ दिसू लागते. ती चूक एकदा नव्या निगेटिव्हमध्ये उतरली की कायमचीच झाली. पुढे अकॅडमी फिल्म अर्काइव्ह आणि फॉक्स यांनी फिल्म फाउंडेशनच्या मदतीने चित्रपटाची दुरुस्ती केली. क्रायटेरियन या जुने चित्रपट नीट जपून काढणाऱ्या कंपनीची २०२० सालची ब्लू-रे बघण्यासारखी आहे. फुकट फिरणाऱ्या बऱ्याच प्रती जुन्या टीव्ही प्रिंटवरून आलेल्या असतात.

तुमची प्रत कशी आहे हे ओळखणं अवघड नाही. नायक कॉर्नेल वाइल्डचे काळे केस तपकिरी दिसत असतील, त्याचा पांढरा शर्ट पिवळट किंवा निळसर वाटत असेल, चेहरे नारिंगी असतील, तर तुम्ही छायाचित्रकार लिऑन शॅमरॉयचे रंग पाहिलेच नाहीत, विटलेल्या रंगांवर कुणीतरी चढवलेला मुलामा पाहिला. टीव्हीवर बघणार असाल तर ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोड बंद करा, ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावा आणि रंगाचं तापमान ‘वॉर्म’वर ठेवा. टेक्निकलरचा लाल मुळातच घट्ट असतो. त्यावर टीव्हीने आणखी जोर दिला की टिअर्नीचे ओठ चेहऱ्याबाहेर सांडल्यासारखे दिसतात, आणि तुम्ही लिहिलं आहे तसं ‘अंगावर येतात’. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, शार्पनेस खाली आणा. चित्राची चौकट जवळजवळ चौकोनी, १.३७:१ आहे. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसायलाच हव्यात. पडदा भरण्यासाठी चित्र ताणलं तर शॅमरॉयच्या चौकटी मोडतात आणि माणसं बुटकी दिसतात.

एवढं केल्यावरही रंग उठावदारच दिसतील, आणि ते तसेच हवे आहेत. शॅमरॉयला याच कामासाठी ऑस्कर मिळालं. घरातल्या दृश्यांत खिडकीतून आणि दिव्यांतून येणारा प्रकाश तो मधासारखा पिवळा ठेवतो आणि सावल्यांत गारवा सोडतो. टेक्निकलरला भरपूर प्रकाश लागे, म्हणून त्या काळी रंगीत चित्रपटांचे सेट सहसा सगळीकडून सारखे उजळलेले असत. शॅमरॉय मात्र अर्धा चेहरा सावलीत ठेवण्याची जोखीम घेतो. नॉयरमधला तुमचा काळोख तिथे आहे. पण या चित्रपटातली खरी भीती उन्हात आहे, आणि ती समजायला तळ्याचं दृश्यच बघावं लागतं.

तेच दृश्य टिअर्नीच्या ‘दगडी’ चेहऱ्याचंही उत्तर आहे. टिअर्नीच्या एलनने रिचर्ड (वाइल्ड) या कादंबरीकाराशी लग्न केलं आहे. तिला तो अख्खा हवा आहे, कुणाशीही वाटून घ्यायचा नाही. त्याचा धाकटा भाऊ डॅनी, पोलिओने पाय अधू झालेला पोरगा, तळ्याकाठच्या घरात त्यांच्यासोबत राहायला आला आहे. तळं गोष्टीत मेन राज्यातलं, प्रत्यक्षात कॅलिफोर्नियातलं बास लेक. डॅनीला पोहत तळं पार करायचं आहे. एलन होडीत बसून त्याच्या मागोमाग वल्हवते आहे, डोळ्यांवर काळा चष्मा. मुलगा दमतो, पोटात कळ आल्याचं सांगतो. ती वल्ही थांबवते. तो गटांगळ्या खातो, हाक मारतो, बुडतो. ती बघत राहते. रिचर्डची चाहूल लागल्यावरच ती ओरडते आणि पाण्यात उडी घेते.

या दृश्यात पार्श्वसंगीत नाही. आल्फ्रेड न्यूमनने या चित्रपटाला ढोलांच्या दणदणाटाने सुरू होणारं संगीत दिलं आहे, आणि एलन पहाटे घोड्यावरून वडिलांची रक्षा उधळते तिथे ते पूर्ण जोरात वाजतं. तोच माणूस इथे गप्प बसतो. कानावर येतं ते फक्त पाणी आणि मुलाचा आवाज. तुम्ही मालिकांची तुलना केलीत म्हणून सांगतो: मालिकेत हाच प्रसंग आला असता तर धाडकन संगीत, एकाच चेहऱ्यावर तीनदा झूम, आणि खलनायिकेचं ओठ मुडपून हसणं. इथे दिग्दर्शक जॉन स्टाल यातलं एकही करत नाही. चष्म्याने डोळे झाकले आहेत, चेहऱ्यावर द्वेष नाही, घाई नाही. आकाश निळं, तळं शांत, बाई सुंदर. एलनचा राग दिसला असता तर प्रेक्षक सुटला असता, कारण रागाला कारण असतं आणि कारण कळलं की माणूस कळतो. ते दार टिअर्नी बंद ठेवते. याला कोरडा अभिनय म्हणणं मला मुळीच मान्य नाही. त्या वर्षीच्या ऑस्करसाठी तिला नामांकन होतं, पुरस्कार ‘मिल्ड्रेड पिअर्स’साठी जोन क्रॉफर्डला गेला.

स्टालची ही जुनी सवय आहे. मूकपटांच्या काळापासून तो बायकांच्या दुःखाचे चित्रपट करत आला होता. ‘इमिटेशन ऑफ लाइफ’ (१९३४) आणि ‘मॅग्निफिसंट ऑब्सेशन’ (१९३५) मूळ त्याचे, डग्लस सर्कने ते १९५०च्या दशकात नव्याने केले. स्टाल कॅमेरा मध्यम अंतरावर ठेवतो, शॉट लांबू देतो, नटांना आवाज चढवू देत नाही. आगगाडीतली पहिली भेट बघा: एलन त्याचीच कादंबरी वाचते आहे आणि मग त्याच्याकडे टक लावून बघत राहते, सभ्य माणूस नजर वळवेल त्याच्या कितीतरी पुढेपर्यंत. कारण ती मागाहून सांगते: तो तिच्या वारलेल्या वडिलांसारखा दिसतो. चित्रपटातलं पुढचं सगळं त्या न हललेल्या नजरेत आहे.

जिन्याचा प्रसंगही असाच. एलन गरोदर आहे आणि तिला ते मूल नको आहे, तेही वाटेकरीच. ती निळा झगा घालते, जिन्याच्या वरच्या पायरीशी येते, पायातली सपात गालिच्याच्या कडेखाली अडकवते म्हणजे अपघात वाटेल, आणि स्वतःला खाली झोकून देते. कॅमेरा चेहऱ्याइतकाच त्या सपातेकडे बघतो. गर्भपाताचा विषय सेन्सॉर जवळ येऊ देत नसे त्या काळात हे पडद्यावर आलं, हे आजही आश्चर्याचं वाटतं.

आता कॅम्प. अमेरिकन लेखिका सुसान सोंटॅगने १९६४ साली या वृत्तीवर निबंध लिहिला, त्यात भाबडा कॅम्प आणि ठरवून केलेला कॅम्प असा फरक केला आहे, आणि खरा कॅम्प तिच्या मते भाबडा, पूर्ण गंभीर असतो. ‘लीव्ह हर टू हेवन’ त्या पहिल्या घरातला. घोड्यावरून रक्षा उधळणारी नायिका, गुन्ह्यासाठी नीटनेटकी नटणारी बाई, नवऱ्याला दुसरीचा होऊ द्यायचं नाही म्हणून स्वतः विष घेऊन तिच्यावर खुनाचा आळ घालणारी बाई: हे सगळं अतिरेकी आहे यात वाद नाही. पण चित्रपट कुठेही डोळा मारत नाही, प्रेक्षकाला ‘आपण दोघं शहाणे’ असं सुचवत नाही. अतिरेक कथेत, कपड्यांत, रंगांत आहे. अभिनय आणि कॅमेरा संयमी आहेत. या दोहोंत जी फट पडते तिच्यात हसूही येतं आणि काटाही येतो. फसलेल्या चित्रपटात अशी फट नसते, तिथे सगळंच एका पट्टीत ओरडत असतं. म्हणून त्या शब्दाला मी पळवाट मानत नाही.

राहिला खटला. रूथवर, म्हणजे एलनच्या घरात वाढलेल्या दत्तक बहिणीवर, एलनच्या खुनाचा आरोप आहे आणि सरकारी वकील कोण, तर रसेल क्विंटन, एलनने ज्याच्याशी ठरलेलं लग्न मोडलं तोच. खऱ्या न्यायालयात हा माणूस त्या खटल्याच्या आसपासही फिरकू शकला नसता. क्विंटन झालेला व्हिन्सेंट प्राइस साक्षीदारांच्या अंगावर जवळजवळ चालून जातो, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा ओरडतो, आणि बचावाचा वकील हरकत घेण्याच्या जागी बहुतेक बसून राहतो. कायद्याच्या दृष्टीने हा भाग लंगडा आहे. जो संयम आधी सांभाळला तो स्टालच्या हातून इथे सुटतो असंही मला वाटतं, कारण प्राइसचा आवाज बाकी चित्रपटाच्या पट्टीत बसत नाही. एक गोष्ट मात्र नोंदवतो. एलन तोवर मेलेली आहे आणि आरोपाचं पत्र तिने क्विंटनलाच पाठवलेलं आहे. त्या दालनात त्याच्या तोंडून तीच बोलते आहे. प्रसंगाची रचना या हेतूने केली आहे, ती पटण्याजोगी झाली नाही एवढंच.

रिचर्डला झालेल्या दोन वर्षांच्या शिक्षेला तुम्ही ‘हास्यास्पद’ म्हटलं आहे. ती प्रॉडक्शन कोडला, म्हणजे हॉलिवूडने स्वतःवर घालून घेतलेल्या सेन्सॉर नियमांना, धरून आहे. गुन्ह्यात कुठल्याही अंगाने सामील असलेला माणूस मोकळा सुटता कामा नये असा त्या नियमावलीचा दंडक. एलनने डॅनीबद्दल कबुली दिली तरी रिचर्ड गप्प राहिला, म्हणून रूथशी सुखाने नांदण्याआधी त्याला शिक्षा भोगणं भाग होतं.

मात्र चित्रपटात या शिक्षेतून रहस्याची बांधणी उभी राहते. चित्रपट सुरू होतो तो रिचर्ड तुरुंगातून सुटून होडीने घरी जायला निघतो तिथे. तो आत होता हे पहिल्या काही मिनिटांत कळतं, कशासाठी ते शेवटी. आणि गोष्ट सांगतो कोण? ग्लेन रॉबी, त्याच खटल्यातला बचावाचा वकील. डॅनी बुडाला तेव्हा होडीत फक्त एलन होती, आणि ती आता जिवंत नाही. म्हणजे तळ्यावरचं ते शांत, निर्विकार दृश्य आपण पाहतो ते वकिलाच्या सांगण्यातून, आणि वकिलाला ते कळलं असणार रिचर्डकडून. चित्रपट या धाग्याशी खेळत नाही, एलनच्या दुष्टपणाबद्दल शंका घ्यायला जागाही ठेवत नाही. तरी दुसऱ्यांदा बघताना ही चौकट ध्यानात ठेवा, कोण कुठे हजर होतं ते बघत जा.

जमल्यास त्याच आठवड्यात १९४४चा ‘लॉरा’ही पाहा. टिअर्नी आणि प्राइस दोघंही त्यात आहेत, प्रेम आणि खून दोन्ही आहे, आणि तो कृष्णधवल आहे. तुम्हाला हवा असलेला काळोख तिथे भरपूर मिळेल. दोन्ही पाहून झाल्यावर टिअर्नीच्या चेहऱ्याबद्दलचं तुमचं मत तेच राहतं का, ते इथे खाली जरूर लिहा.