मशीनवर 140 आलं म्हणजे शुगर झाली? मित्राला फॉरवर्ड करण्याआधी

"मित्राला शुगरची शंका आहे? हे करा, टेन्शन विसरा" असा एक मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्यात. घरच्या मशीनवर 140 च्या वर आकडा आला की शुगर पक्की. लॅबला जायचंच असेल तर आधी आठ दिवस भात-पोळी बंद. अंगाने बारीक असलेल्याला भीती नाही. साखरेऐवजी गूळ चालतो. आणि डॉक्टरकडे गेलात की जन्माची गोळी मागे लागते, त्यापेक्षा 21 दिवस कारल्याचा रस घ्या. आधीच झोप उडालेल्या माणसाला यातलं काहीच कामाचं नाही, आणि शेवटचं तर धोक्याचं आहे.

आधी मशीन. ग्लुकोमीटर हे शुगर असलेल्यांनी रोजचा अंदाज घेण्याचं साधन आहे, निदानाचं नाही. चांगल्या मशीनलाही 100 च्या वरच्या आकड्यात 15 टक्के इकडे-तिकडे माफ असतं. म्हणजे रक्तात खरी साखर 120 असेल, तर मशीन 102 दाखवेल किंवा 138, आणि दोन्ही वेळा ते 'बरोबर'च धरलं जाईल. त्यात हापूस कापून हात नुसता फडक्याला पुसला आणि बोट टोचलं, तर आकडा रक्ताचा कमी नि आंब्याचा जास्त. स्पिरिटचा बोळा फिरवून हे जात नाही. साबण-पाण्याने हात धुवून कोरडे करावे लागतात. पावसाळ्यात पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं तर दमट हवेने पट्ट्या बिघडतात, ते वेगळंच. शिवाय 140 नेमकं कधीचं? जेवल्यावर तासाभराने 140 दिसलं तर त्यात विशेष काही नाही. उपाशीपोटी दिसलं तर मात्र लॅबमध्ये लगेच तपासायला हवं. मेसेजमध्ये वेळेचा उल्लेखच नाही.

निदानाचे आकडे लॅबमधल्या, शिरेतून काढलेल्या रक्ताचे असतात. उपाशीपोटी 126 किंवा जास्त, 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी 200 किंवा जास्त, एचबीए1सी (मागच्या काही महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी) 6.5 टक्के किंवा जास्त. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर शिक्का मारत नाहीत. दुसरी चाचणी तरी जुळावी लागते, नाहीतर तीच पुन्हा करावी लागते. उपाशीपोटी 100 ते 125 किंवा एचबीए1सी 5.7 ते 6.4 म्हणजे उंबरठा, प्रीडायबेटीस. बाईच्या अंगात लोह कमी असेल तर एचबीए1सी उगाच वर दिसू शकतो, तेव्हा हिमोग्लोबिनचा रिपोर्ट शेजारी ठेवूनच तो वाचायचा.

आता आठ दिवस भात-पोळी बंद करण्याचं. एचबीए1सी साधारण दोन-तीन महिन्यांचा हिशेब दाखवतो, तो आठ दिवसांत फारसा हलत नाही. ग्लुकोज पिऊन करायच्या चाचणीत तर हा डाव उलटतो: आधीचे दिवस पिष्टमय पदार्थ बंद केले की शरीराची एकदम आलेली साखर हाताळण्याची सवय मोडते, आणि निरोगी माणसाचाही आकडा चढा येऊ शकतो. म्हणून आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवायचं, दिवसाला किमान 150 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत.

मित्र म्हणून तुमचं काम इथे आहे. रात्री नऊला जेवण, सकाळी सातला लॅब. मधल्या वेळात फक्त पाणी. आपल्याकडे उपवास म्हटलं की साबुदाण्याची खिचडी डोळ्यांपुढे येते, लॅबचा उपवास तसला नाही. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यचा अर्धा कट चहाही चालत नाही. आधी तळजाई टेकडीला चक्कर मारून मग लॅब, असंही नको. पहिलं रक्त दिल्यावर 75 ग्रॅम ग्लुकोज पाव लिटर पाण्यात, पाच मिनिटांत संपवायचं. दोन तास पहिल्या घोटापासून मोजायचे. या दोन तासांत चालणं, चहा, सिगारेट काही नाही, नुसतं बसायचं. काळजीत पडलेल्या माणसाला हेच जड जातं, म्हणून सोबत हवी. उलटी झाली तर लॅबला सांगा, चाचणी दुसऱ्या दिवशी करावी लागते. घरी येऊन रक्त नेणार असतील तर नळी लॅबमध्ये किती वाजता पोचेल ते विचारा: रक्तपेशी नळीतही साखर खात राहतात, तासाला 5 ते 7 टक्के. राखाडी टोपणाच्या नळीतलं औषध ते रोखतं, पण पहिल्या तासाभरात पुरतं नाही. सर्दी-तापात किंवा स्टेरॉइडचा कोर्स चालू असताना तपासायचं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

बारीक माणसाचं उत्तर तर पुण्यातच सापडतं. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन यांचा एक लेख 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. फोटोत दोघे शेजारी, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2 टक्के. आपल्या लोकांत काटा गप्प बसतो तिथे टेप बोलते: पुरुषांची कंबर 90 सेंटिमीटर, बायकांची 80 च्या वर गेली की लक्ष द्यावं.

गुळाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तोही बहुतांशी साखरच.

आणि गोळी. मेटफॉर्मिन या शुगरच्या नेहमीच्या गोळीची सवय लागत नाही. बंद केल्यावर साखर चढते, कारण आजार तिथेच असतो. वजन उतरल्यावर काहींचा डोस कमीही होतो. कारलं भाजीत जरूर खा, पण 21 दिवस थांबणं कोणाला परवडणार नाही ते नीट पाहा. सारखी तहान, रात्री चार-चारदा लघवी, काही न करता वजन उतरणं, आणि त्यावर उलट्या, पोटदुखी किंवा धाप असेल, तर रसाचा ग्लास खाली ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. टाइप वन, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही असा डायबेटीस, विशीतच काय, चाळिशीतही सुरू होऊ शकतो, आणि तिथे इन्सुलिनला पर्याय नाही.

उपाशीपोटीचा रिपोर्ट 112 आला, तर "काही होत नाही रे" म्हणू नका आणि "मेलास आता" तर नकोच. अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगात 7 टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालणं हे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात डायबेटीस होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. 80 किलोच्या माणसाला हे साडेपाच किलो आणि पाच दिवस अर्धा तास. तळजाईची चक्कर आता मारा, सोबत जा, आणि पुढच्या तपासणीची तारीख वर्षभराच्या आतली, डॉक्टरांना विचारून, त्याच्या फोनमध्ये टाकून द्या.